बोथट सुई

दालियानच्या रुग्णालयात, चौथ्या मजल्यावर
माझ्या टेबलावर दोन डबे आहेत. 'क' आणि 'ख'.
'क'मधल्या सुया कातडीत शिरतात.
'ख'मधल्या नाटकातल्या खंजिरासारख्या,
टेकवलं की दांडाच पातं गिळून टाकतो;
पडून असलेल्या माणसाला वाटतं, गेली आत.

गुडघेदुखीचे शहाण्णव जण, तीन गट.
'ग' गटाला काहीच नाही. त्यांनी फक्त वाट बघायची.
कुणाला काय मिळतंय हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक,
आणि चेहरा दोन्हीकडे सारखाच ठेवायचा,
असं नियमावलीत लिहिलंय. पान बावीस.

श्रीमती छू 'ख'मध्ये आल्या.
एकतीस वर्षं ट्राम चालवलेल्या बाई,
पायपोस काढतानासुद्धा जिन्याचा हिशेब करणाऱ्या.
तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या,
"हात हलका आहे तुझा, पोरी.
आत काहीतरी वाहायला लागलंय बघ."
मी पान बावीससारखा चेहरा केला.

माझे बाबा शांतुंगमधल्या एका खेड्यात अनवाणी डॉक्टर होते.
(बूट होते त्यांच्याकडे. नाव तेवढं तसं.)
आधी मुळ्यावर शिकले, मग स्वतःच्या नडगीवर.
सांगायचे, सुई नीट लागली की बोटांना कळतं:
दोरीच्या पलीकडल्या टोकाला कुणीतरी आहे.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात
शेजारच्या यूपाओच्या बायकोचं पोट दुखू लागलं.
बाबांनी गुडघ्याखाली, चार बोटांवर, सुई लावली.
अर्ध्या तासात ती उठून बसली,
रताळ्याची पेज प्यायली, कुणाची तरी नक्कल करून हसली.
पहाटे खेचराच्या गाडीतून तालुक्याला नेलं
तेव्हा आंत्रपुच्छ फुटलेलं होतं.

दुखणं गप्प झालं होतं. बरं झालं नव्हतं.

त्यानंतर बाबा आधी पोट दाबायचे.
हात उचलताना माणूस कळवळला
तर डबा उघडायचेच नाहीत,
गाडी जुंपायला सांगायचे.
याबद्दल ते कधी बोलले नाहीत.
मी बघून बघून शिकले.

बाराव्या आठवड्यात संख्याशास्त्रातला निए आलेख घेऊन आला,
सूर्यफुलाच्या बिया सोलत.
पडद्यावर दोन रेषा जवळजवळ बोट धरून उतरत होत्या,
तिसरी वरच अडून बसलेली.
"'क' आणि 'ख'मध्ये फरक आहे," तो म्हणाला,
"सुईच्या अग्रावर मावेल एवढा.
शीर्षकात 'उपयोगी' लिहायचं की 'निरुपयोगी'?"
मी विचारलं, 'ग'मधल्या बत्तीस जणांच्या गुडघ्याला
या बारा आठवड्यांत कुणी हात तरी लावला का?
त्याने तक्ता खालीवर केला.
तसा रकाना नव्हता.

मग नियमाप्रमाणे प्रत्येकाला खरं सांगायचं होतं.
श्रीमती छूंनी सगळं ऐकून घेतलं,
ती सुई हातात घेऊन दोनदा दाबून पाहिली.
"गाडी हलवण्याआधी मी घंटा वाजवायचे," म्हणाल्या.
"घंटेने ट्राम चालत नाही, एवढं मला कळतं.
पण एकदा घंटेविना चौकातून काढून दाखव."
आणि पाय सरळ केला:
"आता खरी लाव. तुमच्या कागदातच लिहिलंय ना,
शेवटी सगळ्यांना खरी मिळेल?"

लिहिलेलं आहे. पान एकतीस.
मी 'क'चा डबा ओढला
आणि सवयीने आधी गुडघ्यावर तळहात ठेवला.
गरम लागला.
आतल्या बाजूला सूज होती, मागच्या मंगळवारी नसलेली.
हात उचलताना त्यांनी ओठ चावला.

दोरीच्या पलीकडे कुणीतरी होतं,
आणि ते मला बोलावत नव्हतं.

डबा मिटला. चिठ्ठी लिहिली:
दुसरा मजला, एक्स-रे, रक्त, आजच्या आज.
त्या रागावल्या. बारा आठवडे फसवलंस म्हणून नाही,
आज लावली नाहीस म्हणून.
चिठ्ठी पिशवीत कोंबली
आणि कितीतरी दिवसांनी
लिफ्टचं बटण दाबलं.